बसवण्याचा भाव

लळिंगचा घाट काही मोठा नाही. सह्याद्रीतले लोक त्याला घाट म्हणायलाही हसतील. पण जळगावहून डाळ भरून मुंबईकडे निघालेला ट्रक धुळ्यापर्यंत सपाटीनं मजेत येतो, आणि लळिंगच्या चढावर त्याच्यात खरा किती जीव आहे ते कळतं. कोणाचा एक्सल तुटायचा, कोणाची क्लचप्लेट जळायची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्या चढावर माझी टोचनची गाडी हाच एक इलाज होता. बंद पडलेल्या ट्रकला वायररोप बांधून ओढत नेणं, याला आमच्या धंद्यात टोचन म्हणतात. गाडी लष्कराच्या लिलावातली, आतलं डिझेल इंजिन दुसऱ्याच ट्रकचं, मागचा क्रेनचा खांब मी उभा राहून जोडून घेतलेला. दुसऱ्यांच्या गाड्या पुसत मी या धंद्यात आलो होतो. माझ्या गाडीत एक नट असा नव्हता की ज्याचा मी भाव केला नाही.

गाडीत एकच उणीव होती. रिकामा ट्रक ती ओढायची, भरलेला ओढायची नाही. त्यामुळे चढावर कोणी अडकला की आधी हमाल आणायचे, रस्त्याच्या कडेला पोती उतरवायची, रिकामा ट्रक वर न्यायचा आणि मग पोती मागून चढवायची. यात अर्धा दिवस जायचा. चार-दोन पोती फाटायची आणि लळिंगच्या बकऱ्या तूरडाळ खायच्या.

जळगावला एक शेठ होते. राजस्थानातून आलेलं घराणं, स्वतःची डाळ मिल, अकरा ट्रक. त्यांनी एकदा मला पेढीवर बोलावून घेतलं.

"भाऊ, तुम्ही माझी गाडी ओढता की माझी डाळ सांडता?"

"शेठजी, भरलेली गाडी चढावर ओढेल असं इंजिन धुळ्यात कोणाकडे आहे ते सांगा. मी त्याच्याकडे नोकरी धरतो."

शेठ हसले नाहीत. "इंजिन तुम्ही बघा. भरलेली गाडी वर नेऊन दाखवा, मग माझ्या अकराच्या अकरा गाड्यांचं टोचन तुमचं. मालेगावचा एक टोचनवाला रोज या गादीवर येऊन बसतोय, त्याला मी येऊ नको सांगतो."

अकरा गाड्यांचं बांधलेलं काम म्हणजे रस्त्यावर कोण बंद पडतो याची वाट पाहत बसणं संपलं. मला ते काम हवं होतं. त्यापूर्वी आणि त्यानंतर कुठलीही गोष्ट मला इतकी हवीशी वाटली नाही.

मी थेट मिस्त्रीकडे गेलो. आग्रा रोडला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. जातीनं मुसलमान, वयानं माझ्याएवढा, बोलायला कमी. माझ्याशी मराठी बोलायचा, चिडला की हिंदीवर जायचा. तरुणपणी धरणाच्या कामावर परदेशी मशिनांचा फिटर होता. नऊ वर्षं माझी गाडी त्याच्याच हातात होती. एकदा मी विषमज्वरानं अंथरुणावर पडलो, तेव्हा गॅरेज बंद ठेवून त्यानं माझी टोचनची गाडी स्वतः चालवली, गिऱ्हाईक तुटू दिलं नाही. हे मी विसरलेलो नाही. म्हणून तर पुढचं सगळं इतकं लागलं.

शेठचं म्हणणं ऐकून तो म्हणाला, "इंजिन बदलायला नको. त्याला हवा कमी पडते. टर्बो बसवू."

मी टर्बो हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यानं खडूनं जमिनीवर काढून दाखवलं. इंजिनाचा जो धूर फुकट बाहेर जातो, त्याच्या जोरावर एक छोटी पंखी फिरवायची. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरी पंखी, ती इंजिनात हवा कोंबते. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जळतं, म्हणून जोर जास्त. फुकट जाणाऱ्या धुरातून जोर मिळतो, ही गोष्ट मला इतकी पटली की मी त्याच दिवशी त्याला गाडीत घालून जळगावला नेलं.

नशिराबादच्या रस्त्याला एक भंगारवाला होता. धरणाच्या कामावरून मोडीत निघालेली मशिनं त्याच्याकडे आली होती. मिस्त्रीनं तासभर लोखंडाच्या ढिगात हात घालून ते शोधून काढलं. गोगलगाईसारखं वळलेलं, काळं, खालून वर उचलताना दोन्ही हात लागावेत असं. त्यानं दांडा बोटानं फिरवला, कान लावला आणि मला नुसती मान हलवली.

भंगारवाला माझ्यासारखाच बाजारातला माणूस होता. आम्ही रुमाल टाकला. ज्यांनी गुरांचा बाजार पाहिलेला नाही त्यांना सांगतो. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, आत बोटं धरून आकडा सांगायचा. चार बोटं धरली म्हणजे चार, अर्धं बोट दाबलं म्हणजे अर्धा. वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा मारायच्या. आजूबाजूच्या कोणालाही भाव कळत नाही. ही विद्या मी धुळ्याच्या गुरांच्या बाजारात दलालांच्या मागे फिरून शिकलो होतो आणि त्यात मला हरवणारा क्वचितच भेटला. भंगारवाल्यानं शेवटी हात ओढून घेतला आणि म्हणाला, "घेऊन जा, पण परत येऊ नको." एरंडोल आणि पारोळा मागे पडेपर्यंत मी त्या वाक्यावर हसत होतो.

गॅरेजशेजारी चहाचं दुकान होतं. तिथे पाच-सहा ड्रायव्हर बसले होते. मी त्यांना भंगारवाल्याची गंमत रंगवून सांगितली. त्यातला एक म्हणाला, "मंग भाऊ, आता मिस्त्रीना भाव बी होई जाऊ द्या."

मी खांद्यावरचा रुमाल काढला.

नऊ वर्षं आम्ही मजुरीवरून वाद घालत होतो, पण तोंडानं, चहा पिता पिता. त्यानं जास्त सांगायचं, मी कपाळावर हात मारायचा, कुठेतरी मध्ये जमायचं. रुमाल मी त्याच्यापुढे कधी काढला नव्हता. त्यानं रुमालाकडे पाहिलं.

"माझ्या हाताचा?"

"हाताचाच. बैलाचे दात पाहतात, तुझा हात पाहू."

सगळे हसले. तोही थोडा हसला आणि त्यानं हात पुढे केला. आत त्यानं माझी चार बोटं धरली. मी सोडवून दोन धरली. त्यानं तीन धरली. मी पुन्हा दोन, आणि तिथेच थांबलो. वर मी ड्रायव्हरांना विचारत होतो की सेंधव्याच्या घाटात रस्त्याचं काम कुठवर आलं. त्याचा तळवा खरखरीत होता, अंगठ्याखाली जुना भाजल्याचा वण होता. मी बोटं सोडली नाहीत. थोड्या वेळानं त्याचा हात सैल पडला.

"ठीक आहे," तो म्हणाला. मी रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि सगळ्यांना चहा सांगितला.

काम बारा दिवस चाललं. त्यानं धुराचा पाईप कापला, टर्बो जोडायला लेथवर नवी फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, करून घेतली, इंजिनातून टर्बोला तेल जावं म्हणून तांब्याची नळी वाकवून बसवली, डिझेलचा पंप उघडून डिझेल वाढवलं. कामात तसूभर कसर नव्हती, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. तेराव्या दिवशी वाळूनं भरलेला एक ट्रक मागे बांधून मी लळिंग चढलो. अर्ध्या चढावर शिट्टी सुरू झाली, बारीक, चढत जाणारी, आणि पाठीला कोणीतरी हात लावून ढकलावं तशी गाडी पुढे गेली. वर पोहोचून, वळून, तसाच मी गॅरेजपर्यंत आलो आणि दारात उभं राहताच स्टॉपर ओढून इंजिन बंद केलं.

ही माझी जन्माची सवय. उभ्या गाडीनं डिझेल प्यायचं नाही. त्या काळात खानदेशातले सगळेच ड्रायव्हर असे, उतारावरसुद्धा इंजिन बंद करून गाडी सोडणारे. त्यात डिझेल महागलेलं. मी तर चाक थांबण्याच्या आत स्टॉपर ओढायचो. मिस्त्री यावरून माझी चेष्टा करायचा.

इंजिन गप्प झालं तरी शिट्टी थोडा वेळ चालूच राहिली आणि मग हळूहळू विझली. मला ती मौज वाटली. मिस्त्रीनं बॉनेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. हातातल्या चिंधीनं एकेक बोट पुसलं.

"झालं ना सगळं?" मी विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेवढं झालं."

पुढचे दोन महिने माझे होते. शेठच्या चार गाड्या मी भरलेल्या वर नेल्या, एक पोतं न उतरवता. ड्रायव्हर लोक टर्बोला गोगलगाय म्हणायला लागले, आणि गोगलगाईनं ट्रक ओढला म्हणून एकमेकांना सांगायला लागले. शेठनी निरोप पाठवला की एकदा स्वतः येऊन पाहतो, मग सहा महिन्यांचं काम पक्कं करू. आठवड्यातून दोनदा मी गॅरेजवरून जायचो, दारात थांबायचो, स्टॉपर ओढायचो, चहा प्यायचो. मिस्त्री कामातून मान वर करायचा.

शेठ आले त्या दिवशी सकाळी दहाचा सुमार होता. त्यांची मोटार चढाच्या पायथ्याशी सावलीत उभी, मागे त्यांचाच तूरडाळीचा ट्रक क्लच जळून बसलेला. मी रोप बांधला आणि निघालो. पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. दुसऱ्या वळणावर शिट्टीच्या जागी घासल्याचा आवाज आला, पत्र्यावर सुरी ओढावी तसा. मग निळा धूर निघाला, इतका की आरशात मागचा ट्रक दिसेना. गाडीचा जीव एकदम गेला. आम्ही चाकांखाली दगड लावून तिथेच थांबलो.

शेठ चालत वर आले. धोतर एका हातात धरलेलं. धुराकडे पाहून म्हणाले, "हमाल बोलावू?"

मी बॉनेट उघडायला वळलो.

"आठ दिवस देतो, भाऊ. आठ दिवसांत पुन्हा अशी शिट्टी ऐकवा. नाहीतर मालेगाव."

पोती उतरत होती तेव्हा रस्त्याच्या कामावरचा एक बुलडोझरवाला बघायला आला. म्हातारा, अनुभवी माणूस. त्यानं टर्बोला हात लावून पाहिला, तेलाचा जळका वास घेतला.

"जोराचं काम झालं की किती वेळ चालू ठेवता?"

"काय चालू ठेवायचं?"

"इंजिन. बंद करण्याआधी."

"ठेवत नाही. लगेच बंद करतो."

त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "मग जळणारच. आतला दांडा तेलावर तरंगत फिरतो. इंजिन बंद केलं की तेल बंद, पण तो लालबुंद दांडा फिरतच राहतो. पाच मिनिटं सावकाश चालू ठेवायचं, थंड होऊ द्यायचं, मग बंद. आम्हाला धरणावर पहिल्या दिवशी हेच शिकवलं." मग कोणी बसवला ते विचारलं, आणि नाव ऐकून सहज म्हणाला, "तुमच्या मिस्त्रीला ठाऊक आहे की. तो आमच्याच टोळीत होता."

मी टर्बो काढला, पोत्यात घातला आणि दुपारी गॅरेजवर गेलो. मिस्त्री जमिनीवर बसून नोझल धूत होता. पोतं त्याच्यापुढे टाकलं.

"तुला माहीत होतं."

त्यानं पोत्याचं तोंड उघडून आत पाहिलं. "दांडा आत जाम झालाय."

"पाच मिनिटं चालू ठेवायचं असतं हे माहीत होतं का नव्हतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"बसवण्याचा भाव तुम्ही केला, भाऊ. सांगण्याचा केला होता का?"

हे तो हिंदीत बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो चिडलेला नव्हता. मराठीत बोलला, जपून, बरेच दिवस तयार ठेवलेलं बोलावं तसा.

"एका वाक्याला कसला भाव?"

"मला वाटलं तुम्ही विचाराल. मिस्त्री, काही सांभाळायचं आहे का, एवढंच. दोन महिने वाट पाहिली."

"आणि दोन महिने मला स्टॉपर ओढताना पाहत राहिलास."

"पाहिलं."

त्याच्या बाकावर चोवीसचा पाना होता. तो मी उचलला आणि फेकला. त्याला नाही, मागच्या पत्र्याला. पत्रा आत गेला. शेजारचा चहावाला धावत आला आणि दारातूनच परत गेला. मिस्त्री उठला नाही. त्यानं नोझल खाली ठेवलं.

"पोतं ठेवून जा. दांडा ज्यात फिरतो ते बुश मी लेथवर काढतो. सहा दिवसांत घाटात असाल. पैसे नकोत."

"फुकटाचं मी कोणाचं घेतलेलं नाही."

"मग भाव करा," तो म्हणाला, आणि त्यानं हात पुढे केला. उघडा, तळवा वर.

मी पोतं उचललं आणि निघून आलो.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ती तापी काठच्या खेड्यातली, घरात आमचं अहिराणीच चालायचं. "तो फुकट करी देत व्हता, मंग पोतं तठेच का ठेवं नही?" तिनं विचारलं. मी म्हटलं, त्या माणसाचं तोंड मला पाहायचं नाही. ती म्हणाली, "राग तुमना एकलाना शे. पोट बठ्ठासनं शे."

राग एकट्याचा, पोट सगळ्यांचं, हे तिचं खरं होतं. पण मी जळगावच्या एका कारागिराकडून बुश करून आणलं, स्वतः बसवलं. त्याला टर्बोचं माप कळलं नव्हतं आणि मलाही. अर्ध्या चढावर पुन्हा तोच सुरीचा आवाज आला. आठ दिवस संपले. शेठनी मालेगाववाल्याला काम दिलं आणि मला निरोपही पाठवला नाही. व्यापारी माणूस, त्याचं मला वाईट वाटलं नाही. टर्बो मी काढूनच टाकला आणि पूर्वीसारखे रिकामे ट्रक ओढत राहिलो.

लोक माझीच चूक काढतात. हाताचा भाव रुमालाखाली करायला नको होता म्हणतात. बरं, नको होता. बैलाच्या दातांची गोष्ट बोलायला नको होती, तेही मान्य. त्यानं त्याच वेळी हात झटकला असता, चार माणसांत मला शिवी दिली असती, तर मी ती ऐकून घेतली असती आणि त्याचे चार कबूल केले असते. पण त्यानं विचारण्याची वाट पाहिली म्हणतो, ते मला मान्य नाही. नऊ वर्षं तो मला न विचारता सांगत आला होता. भाऊ, मागचं टायर बदला. भाऊ, ब्रेकचा आवाज वेगळा येतोय. मी विचारायचं असतं हे त्यानंच मला विसरायला लावलं, आणि मग एके दिवशी न कळवता सांगणं थांबवलं. मी कमी दिलं ते त्याच्यासमोर दिलं. त्यानं कमी दिलं ते लपवून दिलं.

वर्षभरानं मालेगाववाल्यानं मिस्त्रीकडूनच टर्बो बसवून घेतला. सांगितला तो भाव दिला म्हणतात. एकदा मी लळिंगवरून जात होतो तर वर त्याची टोचनची गाडी उभी दिसली. भरलेला ट्रक सोडून झाला होता, रोप गुंडाळून झाला होता, ड्रायव्हर झाडाखाली बिडी ओढत होता, आणि गाडीचं इंजिन सावकाश धडधडत होतं. मी पलीकडे गाडी थांबवून बसून राहिलो. पाच मिनिटांनी ड्रायव्हर उठला आणि त्यानं स्टॉपर ओढला. त्याला सांगितलेलं होतं.

त्यानंतर मी गॅरेजच्या रस्त्यानं जाणं सोडलं. मिस्त्रीनं दोनदा माणूस पाठवला, मी गेलो नाही.

पुढे टर्बोच्या गाड्या थोड्याफार दिसायला लागल्या. शिरपूरकडचा एक तरुण मालक माझ्या ओळखीचाही नव्हता. त्यानं नवी टोचनची गाडी आणली होती, तिला टर्बो होता. धुळ्यात ढाब्यासमोर त्यानं गाडी थांबवली आणि थांबताच बंद केली. मी खाटेवर बसलो होतो. तो माझ्याशेजारी येऊन बसला, पाणी प्यायला, गाडीचं कौतुक सांगू लागला. त्यानं मला काही विचारलं नव्हतं. मी ऐकत राहिलो. त्याचा अर्धा चहा होईपर्यंत मी बोललो नाही. तेवढ्यात मला कळलं की ते वाक्य पोटात धरून बसायला किती गोड लागतं. समोरचा हसतो आहे, आणि त्याच्या गाडीचं पुढे काय होणार हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

मग मी त्याला सांगितलं. सगळं, पाच मिनिटांचं, तेलाचं, दांड्याचं. पोरगा पाया पडायला वाकला, त्याला मी हातानं थांबवलं.

हे ऐकून कोणी म्हणतं, मग आता तरी तुला मिस्त्री समजला असेल. समजला. आणि समजल्यावर माझा राग दुप्पट झाला. माझ्याच्यानं एका परक्या माणसासमोर अर्ध्या कप चहापलीकडे थांबवलं नाही, आणि तो माझ्यासमोर दोन महिने थांबला.